रविवारचं तेल

आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की त्यांना आजाराचे आभार मानावेसे वाटतात. मी धंद्यानं मुद्रितशोधक. अशी सात-आठ पुस्तकं माझ्या हाताखालून गेली आहेत. प्रत्येकात शेवटच्या प्रकरणात सकाळ होते, खिडकीत पक्षी येतो आणि लेखकाला जगण्याचा अर्थ कळतो. मी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि अर्थ तसाच राहू दिला.

माझ्या कानाच्या ऑपरेशननं मला काही शिकवलेलं नाही. तरी लिहितो आहे, कारण ज्यांना हे ऑपरेशन सांगितलंय अशी माणसं ओळखीतून माझ्यापर्यंत येतात आणि एकच विचारतात: "नंतर ऐकू येतं का हो?" याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. जे देतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

दोन कान

माझा डावा कान सातव्या वर्षी गालगुंडात गेला. पूर्ण गेला. तिथं आता चष्म्याची काडी अडकते, एवढाच त्याचा उपयोग. उजव्या कानाच्या पडद्याला लहानपणापासून भोक. आमचं गाव राधानगरीच्या खालच्या अंगाला. नदीत डुंबायचं, कान वाहायला लागायचा, मग आपोआप थांबायचा. त्या एका कानावर मी शिकलो आणि त्याच कानावर तीस वर्षं कोल्हापुरातल्या छापखान्यांची मुद्रितं तपासली.

मुद्रितं तपासणं हे डोळ्यांचं काम आहे अशी लोकांची समजूत असते. चांगलं काम दोघांचं असतं. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट. दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर बोट फिरवत ऐकायचं. कागदावर जे नाही ते कानावर पडलं की बोट थांबतं. माझी बायको सुमन वाचायची. एकसुरी वाचायची, कारण रंगवून वाचलं की चूक रंगाखाली लपते. "चिखलणी झाल्यावर स्वल्पविराम दुसऱ्या दिवशी स्वल्पविराम रोपं उपटून पूर्णविराम." तीस वर्षं हा माझ्या घरातला आवाज. तरुण प्रकाशक सांगतात की आता हे सगळं संगणक करतो. त्यांची पुस्तकं उघडून पाहावीत.

सुमन गेल्या दिवाळीनंतर गेली. दुपारी चहा ठेवताना. आम्ही तेव्हा भातशेतीतल्या शब्दांचा एक जाडजूड कोश तपासत होतो. 'प' संपत आला होता. जिथं थांबलो तिथं तिनं पेन्सिलीनं फुली करून ठेवली होती. कोश मी कपाटात ठेवला आणि छापखान्याला सांगितलं, थांबा.

तेल

दर रविवारी डोक्यावरून आंघोळ करण्याआधी सुमन माझ्या उजव्या कानात तेल घालायची. गोडंतेल, त्यात दोन पाकळ्या लसूण कढवलेला. खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटलीत ते भरून ठेवलेलं असे. पळीत कोमट करायचं, मला कुशीवर झोपवायचं, कापसाच्या वातीवरून थेंब सोडायचे आणि कानाची पाळी हलक्या हातानं हलवायची. तिच्या आईनं तिच्या वडिलांना असंच केलं होतं. आमच्याकडे बहुतेक घरांत असंच करतात.

फेब्रुवारीत कानामागं ठणका सुरू झाला, घाण वास यायला लागला. राजारामपुरीत एका तरुण डॉक्टरांकडे एकटाच गेलो. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि विचारलं, "काका, कानात काय घालता?"

"तेल."

"पडद्याला भोक असताना?"

स्कॅन झालं. काचेच्या खोलीत बसवून श्रवणाची चाचणी झाली. कानात कातडीची गाठ वाढत होती, जी हाड कुरतडते. कानाच्या आतल्या तीन बारीक हाडांपैकी एक गेल्यासारखं दिसत होतं.

डॉक्टरांनी तीन बोटं उभी केली. हे मात्र नीट ऐका, कारण माझ्यासारख्यांना जे सांगायचं ते एवढंच आहे. "ह्याच क्रमानं चालायचं. पहिलं, गाठ काढून तुमचा जीव आणि चेहऱ्याची नस सुरक्षित करायची. दुसरं, कान कोरडा करायचा. तिसरं, ऐकू येणं. पहिल्या दोन्हींसाठी मी ऑपरेशन करतोय. तिसरं थोडं वाढेल, आहे तेवढं राहील किंवा कमी होईल. फार क्वचित पूर्ण जातं. आणि तुमचा हा एकच कान आहे."

"नाही केलं तर?"

"तर गाठ ठरवेल."

त्या माणसाबद्दल मला आदर वाटला आणि त्याचा रागही आला. त्यांनी एक छापील सूचनापत्र दिलं आणि त्यातल्या एका ओळीखाली लाल रेघ मारली: कानात तेल, पाणी घालू नये. महिन्याभरात ऑपरेशन करू म्हणाले. "तेलानं गाठ झाली असं मी म्हणत नाही," दाराशी सोडताना म्हणाले, "पण ओल्या कानात सगळं लवकर सडतं."

मी म्हणालो, बायकोचं वर्ष होऊ दे. कोश लिहिणाऱ्यांचे कोश तपासणारा, शिकलेला माणूस मी. अशा सबबी देणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली होती. माझ्या तोंडून ती इतकी सहज निघाली की डॉक्टरांनी मान खाली घातली.

त्यानंतरच्या रविवारी मी पळीत तेल कोमट केलं, कुशीवर झोपलो आणि स्वतःच्या हातानं कानात सोडलं. पाळी हलवली. सुमनच्या हातचं तेल होतं. तिनं भरलेली ती शेवटची बाटली. पुरवून पुरवून घालत होतो. जूनमध्ये चक्कर येऊन न्हाणीत पडलो तोवर बाटलीच्या तळाशी बोटभर उरलं होतं.

समाचाराला येणारे

ऑपरेशनच्या आधी लोक येऊन गेले. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आजाऱ्याशी काम असतं. एक शेजारी म्हणाले, "समजा ऐकू नाही आलं, तरी घरात आता बोलणारं कोण आहे?" हे त्यांनी धीर देण्यासाठी म्हटलं होतं. दुसरे आपल्या साडूचं ऑपरेशन कसं बिघडलं ते चहा संपेपर्यंत सांगत बसले.

माझे चुलतभाऊ आण्णा गावाहून आले. त्यांना स्वतःलाच ऐकू कमी येतं, म्हणून ते जगाशी ओरडून बोलतात. "आरं, सुमननंच घालवला म्हण की तुझा कान! वर्सानुवर्सं तेल वतत बसली. बायकांच्या हातात औशीद दिलं की आसंच हुतंय!"

खोलीत सुमनची धाकटी बहीण शालन होती. माझ्या शुश्रूषेसाठी ती त्याच सकाळी आली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

कानामागची खूण

ऑपरेशनच्या सकाळी उजव्या कानामागचे केस काढले आणि पेनानं बाण काढला. मी नर्सला म्हणालो, "बाण नीट काढा. डावीकडं कापलंत तर मला कळणारसुद्धा नाही." ती हसली नाही. असले विनोद तिनं रोज ऐकले असणार.

कागदावर सही करताना 'श्रवणशक्ती पूर्ण जाण्याची शक्यता' ही ओळ होती. 'शक्यता' बरोबर छापलं होतं, 'श्रवणशक्ती'त एक मात्रा जास्त पडली होती. मी ती पेनानं खोडली आणि मग सही केली. भीती वाटत असताना माणूस काय करतो हे सांगण्यासारखं नसतं.

शुद्धीवर आलो तेव्हा कुणीतरी माझ्या तोंडासमोर आपले दात विचकून दाखवत होतं. मीही विचकले. डोळे घट्ट मिटून दाखवले. म्हणजे चेहऱ्याची नस शाबूत. डोक्याला पैलवानाच्या फेट्यासारखं बँडेज, कानात औषधाचा बोळा गच्च भरलेला, आणि दुसरा कान आधीच मेलेला. जग बंद झालं. फक्त आतून नाडी ऐकू येत होती. थुंकी गिळली की मोठा आवाज व्हायचा. जिभेची उजवी बाजू कळकलेलं ताक प्यायल्यासारखी. ही चव दोन-अडीच महिने राहते. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो. चहा टाकून देऊ नका, चहाचा दोष नसतो.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं: *गाठ पूर्ण काढली. दोन हाडं गेली होती. त्या जागी बारीक कृत्रिम हाड बसवलं. कान फार ओला होता. तेल बंद होतं ना?*

फेब्रुवारीत एक हाड गेलं होतं. जूनमध्ये दोन. हा हिशोब मला कळला. शालन माझ्या खांद्यामागून कागद वाचत होती. बँडेज बांधलेलं डोकं हलवायला जड जातं, तरी मी ते हलवलं. हो म्हणून.

पाटी

पुढचे दहा दिवस मी शालनच्या ताब्यात होतो. तिच्याबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. सातवीत शाळा सोडलेली, चार म्हशी आणि भाताची खाचरं सांभाळणारी, आणि शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर बोलायचा आवाज दिवाणखान्यात वापरणारी बाई. सुमन तिला हसून म्हणायची, "शाले, हळू." मी काही न म्हणता आत जाऊन दार लावायचो.

आता दार लावायची गरज नव्हती. तिनं कुठून तरी पाटी आणली. पहिल्या सकाळी लिहून समोर धरली: *च्या घेनार का*

मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली. 'च्या' खोडून 'चहा' केलं, 'न'चा 'ण' केला, प्रश्नचिन्ह दिलं आणि पाटी परत केली. तिनं ती बराच वेळ पाहिली. मग पुसून लिहिलं: *आगुदर च्या प्या मग शाळा घ्या*

नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. हे सगळं तिनं सूचनापत्रातून एका बोटानं वाचून पाठ केलं होतं. मी नाकाला रुमाल लावला की ती मनगट धरायची. एकदा मला शिंक आली आणि मी तिच्या तोंडावर उघड्या तोंडानं शिंकलो. ती पदरानं तोंड पुसत हसत राहिली. हसण्याचा आवाज मला ऐकू आला नाही, दात दिसले. सुमनसारखेच, पुढचे दोन एकमेकांवर चढलेले. मी भिंतीकडं तोंड केलं.

बोळा काढल्यावर

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी चिमट्यानं बोळा काढला. पहिला आवाज आला तो चिमटा स्टीलच्या तबकात टाकल्याचा. कानात कुणी खिळा ठोकल्यासारखा. दुसरा शालनचा. "ऐकू आलं व्हय ओ दाजी?" ती ओरडली, आणि मी दोन्ही हातांनी डोकं धरलं. बाहेरच्या बाकावरचे सगळे पेशंट आत डोकावले.

"लगेच निकाल लावू नका," डॉक्टर म्हणाले. "आत सूज आहे. तीन महिन्यांनी चाचणी."

ते तीन महिने कसे जातात ते कुणी लिहीत नाही. एका दिवशी रिक्षाचा हॉर्न असह्य होतो, दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. रोज सकाळी उठल्यावर मी उजव्या कानाशी बोटांनी चुटकी वाजवून पाहायचो. साठीच्या माणसानं अंथरुणात बसून स्वतःच्या कानाशी चुटक्या वाजवाव्यात, याहून केविलवाणं काही मी पाहिलेलं नाही. तुम्हीही वाजवाल. त्यातून काही कळत नाही.

शालन तीन आठवड्यांसाठी आली होती. तिसरा आठवडा संपला, ती गेली नाही. म्हशींचं काय, विचारलं. "सून बगतीया," म्हणाली. "धार कमी निघंल. मरू दे."

तीन महिन्यांनी पुन्हा काचेच्या खोलीत बसलो. डॉक्टरांनी जुना आणि नवा आलेख शेजारी ठेवले. जाड, खालचे सूर जवळजवळ पहिल्याइतकेच. बारीक, वरचे सूर थोडे खाली गेलेले.

"म्हणजे कमी झालं," मी म्हणालो.

"थोडं. शांत खोलीत, समोर बसलेल्या माणसाचं कळेल. गर्दीत नाही. 'श', 'स', 'फ' निसटतील. पण काका, कान कोरडा आहे. कोरड्या कानाला यंत्र लावता येतं. ओल्याला आम्ही लावून दिलं नसतं."

"मला एक जण वाचून दाखवणार आणि मी ते कागदाशी ताडून पाहणार. हे जमेल?"

त्यांनी हसून हात उघडले. "ते माझ्या मशीनमध्ये मोजता येत नाही. घरी करून बघा."

लोंब

रविवारी सकाळी मी कपाटातून कोश काढला. सुमनच्या फुलीपुढं जायचं धाडस नव्हतं, म्हणून आधी तपासून झालेली दोन पानं शालनच्या हातात दिली आणि समोर छापील कागद घेऊन बसलो. तिला समजावलं, जे लिहिलंय ते सगळं वाचायचं, चिन्हंसुद्धा.

"चिन्हं कशापायी? त्यास्नी काय आवाज आस्तोय?"

"वाच."

वाचायला लागली. खड्ड्यांतून बैलगाडी जावी तसं. "पोचट, सप... सल्प... ह्यो शेपटीचा ठिपका, दाणा न भरलेलं भात, फुल्ल ठिपका." मी बोट फिरवत होतो. बोट कुठंही थांबलं नाही. 'स' जात होता, बाकीचं येत होतं. पाठ ताठ करून मी कागदावर झुकलो.

"पोटरी. भाताचं कणीस बाहेर पडण्यापूर्वीची..." ती थांबली. चष्मा कपाळावर सरकवला. "कुणी लिवलंय ह्ये? भाताला कणीस म्हंत्यात व्हय? कणीस जुंधळ्याला. भाताला लोंब."

त्या पानाच्या खाली आमची दोघांची सही होती, माझी आणि सुमनची. आणि मला आठवलं, की सुमनही इथं थांबली होती. एकसुरी वाचता वाचता आवाज बदलून म्हणाली होती, "अहो, लोंब हवं ना?" त्याच भाताच्या गावची ती. मी म्हणालो होतो, "लेखकानं लिहिलंय तसं वाच." तेव्हा माझा कान आजच्यापेक्षा चांगला होता.

मी 'कणीस'वर रेघ मारून समासात 'लोंब?' लिहिलं. पान तिथं संपत होतं. पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीला पेन्सिलीची फुली होती.

शालन उठली. "जरा थांबा. केसास्नी तेल लावून येते, आज न्हायाचं हाय." आत गेली आणि तपकिरी बाटली घेऊन परत आली. तळाशी बोटभर तेल हललं. "आणि हिचं काय करू? टाकू का ठिवू?"

मी छापील कागदाकडं पाहत म्हणालो, "ते सुमननं नाही घातलं. म्हणजे, आधी तिनं घातलं. डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्यावर चार महिने मी घातलं. दर रविवारी. त्यात दुसरं हाड गेलं."

मला वाटलं, ती काही बोलली आणि मला ऐकू आलं नाही. वर पाहिलं. ती खुर्चीत बसली होती, बाटली मांडीवर.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "आक्काच्या तेराव्याला आलतो तवा ही गळ्यापतूर भरलेली. म्यानंच तर फळीवर ठिवलेली. आणि फायलीत लाल रेघ हाय की. मला काय वाचता येत न्हाय व्हय?"

हे सगळं ती हळू बोलली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मला ते समजलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलतासा का बगत हुतो. आण्णा आक्काला नाव ठिवत हुतं आणि तुमी मान हलवलासा. डाक्टरफुडं पुन्यांदा हलवलासा." तिनं पदरानं बाटली पुसली. "मेलेल्या माणसाला काय बोलता येतंय?"

मला वाटलं, आता ती रडेल आणि मग सगळं मिटेल. ती रडली नाही. माझा फोन माझ्यासमोर ठेवला.

"आण्णास्नी लावा. माझ्याफुडं सांगा."

फोनवर मला आता जवळजवळ काही कळत नाही. तरी लावला, उजव्या कानाला. पलीकडं आण्णांचा आवाज भांडी पडावीत तसा आला.

"आण्णा, कान माझ्या चुकीनं गेला. सुमनच्या नाही."

"आँ?"

"डॉक्टरांनी बंद सांगितल्यावर तेल मी घातलं! सुमननं नव्हे!"

"आँ? त्याल पायजे? कसलं त्याल?"

तिसऱ्यांदा मी ओरडून सांगितलं. खालच्या मजल्यावरचे वर आले असावेत, दारात कुणाची तरी सावली होती. आण्णांना कळलं की नाही ते अजून मला माहीत नाही. गल्लीला मात्र कळलं.

फोन ठेवला तेव्हा शालननं बाटली फळीवर परत ठेवली होती, मागच्या बाजूला, आणि कोश उघडून फुलीच्या खाली बोट टेकवलं होतं.

"वाचू फुडं?"

"वाच. सावकाश. आणि शेपटीच्या ठिपक्याला स्वल्पविराम म्हणतात."

"पोत," ती वाचू लागली, "स्वल्पविराम, मातीचा..."

'स' मला ऐकू आला नाही. कागदावर स्वल्पविराम होता. बोट पुढं सरकलं.